रत्नागिरीचा स्टिरिओ: चार दशकं जुन्या सेटची किंमत कशी ठरवली

पार्श्वभूमी

पुण्यातले एक संगीतशिक्षक गेली काही वर्षं माझ्याकडे अधूनमधून येतात. त्यांच्या गुरूंनी जाताना दोनशेच्या आसपास एलपी रेकॉर्ड त्यांच्या हवाली केल्या. मैफली, नाट्यसंगीत, थोडं वाद्यसंगीत. या रेकॉर्ड नीट ऐकता येतील असा सेट त्यांना हवा होता आणि त्यासाठी सत्तर हजार रुपये बाजूला ठेवले होते. नोकरी करणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हे.

ओळखीतून त्यांना रत्नागिरीतल्या एका घराचा पत्ता मिळाला. घरातले काका मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते. ते वारले, मुलगा मुंबईत, आणि काकू आता मुलाकडे राहायला जाणार. दिवाणखान्यातला सेट विकायचा होता: पायोनियरचा एसएक्स-780 रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत), बेल्टवर चालणारी एक जपानी टर्नटेबल आणि काकांनी अमेरिकेतून आणलेली दहा इंची वूफरची स्पीकरची जोडी. मुलाने सांगितलेली किंमत एक लाख दहा हजार.

कोकणात असे सेट सापडतात त्याला कारण आहे. 1991 च्या आधी परदेशी स्टिरिओवर एवढी जकात असायची की दुकानात जाऊन तो घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हतं. तो यायचा बोटीवरच्या माणसाच्या सामानातून, नाहीतर आखातातून सुट्टीला आलेल्या भावाबरोबर. त्यामुळे हे सेट बहुतेक एकाच मालकाचे असतात, जपून वापरलेले असतात आणि त्यांच्यावर समुद्रकाठचे चाळीस पावसाळेही गेलेले असतात. किंमत करताना या तिन्ही गोष्टी धराव्या लागतात.

शिक्षकांनी मला विचारलं, "काका, येता का बरोबर?" मी गेलो. जुने अॅम्प्लिफायर दुरुस्त करणं हा माझा वीस वर्षांचा छंद आहे.

अडचण कुठे होती

एक लाख दहा हजार हा आकडा मुलाने मनाने काढलेला नव्हता. इंटरनेटवरच्या परदेशी जाहिरातींतले डॉलरचे आकडे बघून त्याने रुपयांत हिशेब केला होता. त्यात त्याची लबाडी नव्हती. पण जाहिरातीतला आकडा म्हणजे मागितलेली किंमत. मिळालेली किंमत वेगळी असते आणि ती विकल्या गेलेल्या वस्तूंच्या यादीत बघायची असते. शिवाय ते परदेशी सेट पूर्ण दुरुस्त केलेले, दिवे बदललेले, वर सहा महिन्यांची हमी दिलेले होते. रत्नागिरीतला सेट "चालू आहे" एवढंच कळलं होतं. या दोन शब्दांचा अर्थ पुष्कळदा "लाल दिवा लागतो" एवढाच असतो.

शिक्षकांची अडचण उलट बाजूची होती. फोटो बघून ते त्या रिसीव्हरच्या प्रेमात पडले होते. चांदीरंगाचा पुढचा भाग, वॅटचे दोन मीटर, लाकडी दिसणारी पेटी. मी त्यांना गाडीतच सांगितलं की पैसे आज द्यायचे नाहीत, फार तर बयाणा.

तिथे काय पाहिलं

एसएक्स-780 हे 1978 च्या सुमाराचं मॉडेल. 8 ओहमला दर चॅनलमागे 45 वॅट. हे 45 वॅट खरे आहेत. 1974 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती अॅम्प्लिफायरची ताकद कशी मोजून छापायची याचा नियम केला, आणि त्या बाजारासाठी बनलेल्या सेटवरचे आकडे त्या नियमाने येतात: दोन्ही चॅनल एकदम, सलग, आवाजातल्या ठरलेल्या विकृतीच्या आत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात खोक्यांवर "1000 वॅट पीएमपीओ" छापलेलं असायचं, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा. त्या आकड्याशी याची तुलनाच होत नाही. साध्या दिवाणखान्याला 45 वॅट पुरून उरतात.

सेट वर्षभर बंद होता. अशा वेळी प्लग थेट भिंतीत घालायचा नाही. मी माझा सिरीज बोर्ड बरोबर नेतो: 100 वॅटचा पिवळा बल्ब सेटच्या आधी एकसर जोडलेला. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटून राहतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो. (हा बल्ब जुन्या तारेचाच लागतो, एलईडीने हे काम होत नाही. कुठे मिळाले तर चार-पाच घेऊन ठेवावेत.) त्याआधी पाठीमागची व्होल्टेजची चकती बघितली. बोटीवरच्या माणसाचा सेट 120 वर ठेवलेला असू शकतो. ती 240 वर होती. बल्ब पेटला, मंदावला, चार-पाच सेकंदांनी आतून रिलेचा (स्पीकरची जोड लावणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) "टक्" आवाज आला. मग थेट विजेवर लावला.

फोनवरून गाणं सोडलं. उजवा चॅनल गप्प! काकूंचा चेहरा उतरला. मी टेप मॉनिटरचं बटण वीसेक वेळा आत-बाहेर केलं, तसा आवाज खरखरत परत आला. चाळीस वर्षांच्या सेटमध्ये स्विचच्या पट्ट्या काळ्या पडतात, त्या सेटवर हे व्हायचंच. आवाजाची आणि बॅलन्सची मूठ फिरवतानाही खरखर होती. ही सगळी फवारा मारून साफसफाईची कामं. बारीक गुणगुण ऐकायला कान स्पीकरला लावला, नव्हती. म्हणजे आतली वीज सुरळीत करणारे मोठे फिल्टर कॅपॅसिटर अजून तग धरून होते.

शेवटी मल्टिमीटर स्पीकरच्या टोकांना लावला. गाणं बंद असताना तिथे डीसी व्होल्टेज जवळजवळ शून्य हवं. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त, 100 च्या वर गेलं तर काळजी. डावीकडे 18 होतं, उजवीकडे 61. मी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे गेलो. इथे थांबायला हवं होतं, ते पुढे येईलच.

स्पीकरची जाळी काढली तर वूफरची फोमची कड दिसायला शाबूत होती. बोट टेकवलं तर ओल्या राखेत रुतावं तसं रुतलं आणि काळा चिकट चुरा बोटाला आला. दमट हवेत हा फोम असाच विरघळतो, वापरला नाही तरी. रबराच्या किंवा कापडाच्या कडा टिकतात, फोमच्या टिकत नाहीत. कोन शाबूत होते. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की कोन न घासता पुढे उसळत होता. मीटरवर सहा ओहमच्या आसपास, ट्वीटर दोन्ही जिवंत. पेट्यांचा तळ ठोकून पाहिला, वाळवी नव्हती, फुगलेला भुसाही नव्हता. म्हणजे फक्त कडा बदलायच्या. खर्च आहे, पण स्पीकर गेलेले नाहीत.

मग टर्नटेबल. शिक्षकांनी बरोबर आणलेली नाट्यसंगीताची रेकॉर्ड लावली आणि दोन ओळींत त्यांची मान हलली. नकारार्थी. "काका, ही बाई काळी चारमध्ये गाते. आत्ता पांढरी चार लागतेय. आणि केवढी रेंगाळतेय!"

त्यांच्या कानाने जे पकडलं ते मला मीटरनेही पटकन मिळालं नसतं. हार्मोनियमवर काळी चारवरून पांढरी चार म्हणजे तीन अर्धस्वर खाली. षड्जाचं कोमल गंधाराशी जे नातं असतं तेच, पाचास सहा. आणि पाचास सहा म्हणजे 50 हर्ट्झ आणि 60 हर्ट्झ. या जातीच्या टर्नटेबलची मोटर विजेच्या आवर्तनांवर फिरते, व्होल्टेजवर नाही. 60 साठी बनवलेली पुली आपल्या 50 वर चालवली तर मिनिटाला 33.3 ऐवजी 27.8 फेरे होतात. मी फोनमधलं वेग मोजायचं अॅप उघडून फोन थाळीवर ठेवला. 27.8.

"काकू, हिची आणखी एखादी पुली होती का? पितळेची, टोपणाएवढी?"

काकू आत गेल्या आणि कॅमेऱ्याच्या रोळाची अॅल्युमिनियमची डबी घेऊन आल्या. "ही बघा. हे बोटीवर न्यायचे मशीन. बंदरात बोट उभी असली की लावायचे म्हणे. घरी आले की पुली बदलायचे. मागे बेल्ट तुटला तेव्हा मेकॅनिक आला होता, त्यानं काय घातलं कोण जाणे." बोटींवरची वीज बहुधा 60 हर्ट्झची असते. मेकॅनिकला दोन पुली दिसल्या, त्याने चुकीची बसवली, आणि तेव्हापासून त्या घरात प्रत्येक गाणं तीन अर्धस्वर खाली वाजत होतं. मला त्याचं वाईट वाटलं. त्या दिवाणखान्यात काकांनी जे ऐकलं असेल ते काकूंना इतकी वर्षं ऐकायला मिळालं नव्हतं.

आर्म उचलून पुढचा भाग बघताना आणखी एक गोष्ट दिसली. कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा छोटा भाग, शुअर व्ही15 टाइप थ्री होती, 1973 पासून बनलेली, पाऊण ते सव्वा ग्रॅमच्या दाबावर चालणारी. शुअरने 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणंच थांबवलं, त्यामुळे चांगल्या स्थितीतली मूळ बॉडी शोधणारे लोक खूप आहेत. सुई झिजलेली होती, पण जपानमध्ये अजून या मॉडेलसाठी नवी सुई बनते. अंगठ्याच्या पेराएवढ्या या वस्तूबद्दल मुलाने यादीत एक अक्षर लिहिलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

दुपारी काकूंनी सोलकढी दिली, आणि आम्ही दोघं व्हरांड्यात बसून हिशेब मांडला.

सगळंच सोडून द्यायचं आणि सत्तर हजारांत नवा अॅम्प्लिफायर, नवी टर्नटेबल, लहान स्पीकर घ्यायचे, हा एक मार्ग. त्यात हमी असते, डोक्याला त्रास नसतो. ज्याला दुरुस्ती करणारा जवळ नाही त्याला मी हेच सांगतो आणि मनापासून सांगतो. शिक्षकांच्या शेजारी मी होतो, म्हणून दुसऱ्या मार्गांना अर्थ होता.

फक्त रिसीव्हर घ्यायचा, हा मधला मार्ग. पण मग टर्नटेबल आणि कडा गेलेले स्पीकर काकूंच्या गळ्यात पडले असते. ते कोण घेणार होतं?

आणि पूर्ण सेट, पण हिशेबाने. माझी पद्धत सोपी आहे. दुरुस्त होऊन चालू असताना वस्तू इथे, आपल्या बाजारात, कितीला जाईल तो आकडा घ्यायचा. त्यातून तिला त्या स्थितीत आणायचा पूर्ण खर्च वजा करायचा. मग जे दिसलं नाही त्यासाठी थोडं राखायचं. गेल्या दोन वर्षांत पुण्या-मुंबईत मी डोळ्यांसमोर पाहिलेल्या व्यवहारांवरून रिसीव्हर 42,000, साधी कार्ट्रिज धरून टर्नटेबल 14,000, स्पीकर 22,000. एकूण 78,000. खर्च असा: रिसीव्हरची साफसफाई, दिवे आणि थकलेले कॅपॅसिटर 6,500, बेल्ट 900, स्पीकरच्या कडा 5,600, सुई 8,500, गाडीभाडं 2,500. हे झाले 24,000. उरले 54,000. न दिसलेल्या दुखण्यांसाठी 6,000 राखले. 48,000.

शिक्षकांनी आकड्याखाली रेघ मारली आणि मला विचारलं, "कार्ट्रिजचं सांगायचं का त्यांना?"

निर्णय आणि व्यवहार

त्या दिवशीचा खरा निर्णय हाच होता. व्ही15 च्या बॉडीसाठी मी आणखी 10,000 धरले असते. न सांगता 48,000 म्हटलं असतं तर काही कायदा मोडला नसता. शोधण्याची हुशारी आमची, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि जुन्या बाजारात गाळेवाल्याशी घासाघीस करताना मीही तेच म्हणतो, कारण तिथे दोघंही धंद्याला बसलेले असतात. काकू धंद्याला बसलेल्या नव्हत्या. त्यांनी विश्वासाने डबी आणून हातात दिली होती. दोष दाखवून आम्ही किंमत पाडणार आणि गुण लपवणार, हे शिक्षकांना पटेना. मलाही पटेना.

आम्ही मुलाला फोन लावला आणि वहीतला पूर्ण हिशेब वाचून दाखवला, कार्ट्रिजच्या 10,000 सकट. 58,000. तो आधी नाराज झाला, मग 75,000 म्हणाला. आम्ही स्पीकरच्या कडेचा आणि फोनवरच्या 27.8 चा फोटो पाठवला. तेवढ्यात काकूंनी फोन घेतला. "अरे, आपल्याला जे माहीत नव्हतं ते पण ह्यांनी सांगितलं. साठाला दे." साठ हजारांवर ठरलं. घरातल्या रेकॉर्ड काकूंनी ठेवून घेतल्या. निघायच्या आधी मी पुली बदलून त्यांना त्यांतलीच एक लावून दिली, बेल्ट सैल होता तरी. तीन मिनिटांचं गाणं आता तीन मिनिटांतच संपलं. काकू स्पीकरसमोरच्या खुर्चीत बसून होत्या, काही बोलल्या नाहीत.

टर्नटेबल नेताना थाळी आणि आर्मचं वजन काढून वेगळं बांधलं, आर्म दोऱ्याने जखडला, सुईवर टोपी घातली. घाटातल्या वळणांवर सैल आर्म असेल तर सुई हमखास जाते.

पुढे काय झालं

कडा बदलल्यावर स्पीकर उत्तम लागले. नवी सुई आली. तीन आठवड्यांनी शिक्षकांचा फोन: तासभर गाणं चाललं की रिले "टक्" करून आवाज बंद पडतो, थंड झाला की परत सुरू.

त्यांनी जवळच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. या रिसीव्हरमध्ये शेवटच्या टप्प्याला दर चॅनलमागे एक एसटीके-0050 पॅक, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा आयसी, आहे. तो म्हणाला, दोन्ही आयसी गेले, बदलू. मी नको म्हटलं. हे पॅक आता बनत नाहीत आणि बाजारात त्या नावाने मिळणारे बहुतेक नकली असतात: छपाई हुबेहूब, आतला तुकडा लहान, जरा आवाज वाढवला की जळतात. चालता मूळ पॅक काढून नकली बसवण्यासारखं नुकसान नाही.

सेट माझ्याकडे आणला, मीटर लावून ठेवला आणि तापू दिला. उजवीकडचं 61 मिलिव्होल्ट अर्ध्या तासात तीनशेच्या पुढे गेलं, तासाभरात दीड व्होल्टला पोचलं, आणि रिलेने स्पीकर वाचवायला जोड तोडली. रिले आपलं काम चोख करत होता. पॅक ठणठणीत होते. आधीच्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरच्या छोट्या जोडीतला एक वयाने गळत होता. दोन्ही चॅनलच्या जोड्या बदलल्या, मजुरीसकट 3,200 रुपये. आता तापल्यावर 9 आणि 12.

एकूण बेरीज: 60,000, ठरलेले 24,000 आणि हे 3,200. 87,200. आमच्या हिशेबात कार्ट्रिजसकट चालू सेटची किंमत 88,000 होती. राखलेल्या सहा हजारांतले आठशे उरले. शिक्षकांचं बजेट मात्र सतरा हजारांनी ओलांडलं गेलं. ते त्यांना सुई आणि कडांचा खर्च दोन महिन्यांवर ढकलून भागवावं लागलं. हे मी व्यवहाराआधी स्पष्ट बोलायला हवं होतं. सत्तर हजारांचं बजेट म्हणजे सेट आणि दुरुस्ती मिळून सत्तर, असं मी धरलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

आता वेगळं काय करेन

मीटर थंड सेटवर एकदा आणि तासाभराने पुन्हा लावेन. रत्नागिरीत सेट चाळीस मिनिटं चालला होता. तो बंद करायच्या आधी दोन मिनिटं काढून मीटर परत टेकवला असता तर 61 चे तीनशे झालेले तिथेच दिसले असते. खरं म्हणजे 61 हा आकडा एकटा वाईट नव्हता. एकाच सेटमध्ये शेजारी 18 असताना तो 61 होता, हा फरक मला खटकायला हवा होता. दोन चॅनल जुळे भाऊ असतात. एकाला ताप असेल तर कारण असतं.

सकाळी पोचल्याबरोबर सेट चालू करून ठेवेन आणि बाकी सगळं, स्पीकर, पेट्या, चहा, हिशेब, तो तापत असताना करेन. आम्ही नेमकं उलट केलं, सेट शेवटी बंद करून हिशेबाला बसलो.

राखीव रक्कम किमतीच्या पंधरा टक्क्यांपर्यंत नेईन. सहा हजार पुरले, पण काठावर.

कार्ट्रिजबद्दलचा निर्णय मात्र पुन्हा तोच घेईन.

60 हर्ट्झची पुली शिक्षकांनी त्याच रोळाच्या डबीत ठेवली आहे. डबी टर्नटेबलच्या पाठीमागे चिकटपट्टीने लावली आणि वर लिहिलं: "60. बोटीवरची. घरी लावू नये."